पावती खिशात, खूण बॅगेवर

गोल्फच्या लांबलचक बॅगेला लाल पट्टा बांधून किंवा भडक रंगाचे ठिगळ शिवून ती विमानात चढवणाऱ्या खेळाडूची विमानतळावर थोडी चेष्टा होते. यंत्राला वाचता येणारे लेबल असताना ही हौस कशाला, असा त्यामागचा सूर. या चेष्टेच्या मुळाशी एक गैरसमज आहे. सामान नेणाऱ्याची खूण वेगळी आणि मालकाची खूण वेगळी. पहिलीमुळे दुसरीची गरज संपली, असे सामानाच्या इतिहासात एकदा जवळजवळ घडले होते, पण ते टिकले नाही.

रेल्वे आली तेव्हा सामान कुणाचे हे ओळखायचे कसे, या प्रश्नाला दोन देशांनी दोन उत्तरे दिली. इंग्लंडमध्ये हमाल पेटीवर उतरायच्या स्टेशनाचे नाव छापलेला कागद डकवी आणि ती गार्डाच्या डब्यात टाकी. मुक्कामाच्या फलाटावर सगळा ढीग उतरला की उतारूने बोट दाखवायचे, ‘ती माझी’. पेटी कुठे जायची हे रेल्वे सांगे, कुणाची हे मालकाचे डोळे सांगत. अमेरिकेत मात्र पितळी बिल्ल्यांची जोडी असे. एक बिल्ला चामडी पट्टीने पेटीला, त्याच आकड्याचा दुसरा उतारूच्या खिशात. आकड्याला आकडा जुळला की सामान ताब्यात, मग पेटी दिसायला कशीही असो. कॅनडातल्या मंक्टनच्या जॉन मायकल लायन्सने १८८२ मध्ये फाडून दोन तुकडे करता येणाऱ्या कागदी चिठ्ठीचे पेटंट घेतले, आणि पितळेचे काम कागद करू लागला. जहाज कंपन्यांनी मधला मार्ग काढला. आडनावाचे पहिले अक्षर ठसठशीत छापलेली लेबले पेट्यांवर लागत, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कस्टमच्या शेडमध्ये त्याच अक्षरांच्या पाट्या टांगलेल्या असत. प्रत्येकाने आपल्या अक्षराखाली उभे राहायचे. (आपल्याकडे ही पद्धत चालली असती तर कुलकर्णी, कदम, कांबळे आणि काळे यांची एकाच पाटीखाली काय दाटी झाली असती!)

१८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुटली ती इंग्रजांच्या हातून, त्यामुळे त्यांचीच रीत इथे रुजली. ब्रेकव्हॅनमध्ये टाकलेल्या सामानाला पावती मिळे, पण बहुतेकांचे सामान बाकाखालीच असे आणि त्याला राखणदार मालकाची नजर. म्हणून पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि गाव घालून घेण्याची पद्धत पडली. फौजेतल्या जवानाच्या काळ्या ट्रंकेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असा सगळा पत्ताच रंगवलेला असतो. शेकडो ट्रंका एकाच रंगाच्या आणि एकाच मापाच्या असल्या की अक्षरांवाचून इलाज नसतो.

गोल्फच्या सामानाची अडचण नेमकी हीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्कॉटलंडमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूचे सामान वाहणारा, काठ्या सुट्याच काखेत धरून चाले. पिशवी त्यानंतरची. पुढे रेल्वे कंपन्यांनीच गोल्फसाठी हॉटेले काढली. टर्नबेरीचे १९०६ साली उघडले, ग्लेनईगल्सचे १९२४ साली. काठ्यांची पिशवी हे प्रवासी सामान झाले ते असे. काठ्या किती न्याव्यात यावर तेव्हा बंधन नव्हते. १९३८ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने आणि १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या नियामक संस्थेने चौदाची मर्यादा घातली. चौदा काठ्या, सगळ्यात लांब काठीइतकी उंची, वर काळे कापडी कव्हर. कव्हर चढले की शंभर खेळाडूंच्या बॅगा एकीसारख्या एक दिसतात. हा प्रश्न गोल्फच्या नियमकर्त्यांना अपरिचित नव्हता, फक्त त्यांनी तो चेंडूपुरता सोडवला. कंपनीचे नाव आणि आकडा छापलेला असला तरी प्रत्येकाने आपल्या चेंडूवर स्वतःची खूण करावी, असे नियमपुस्तक सांगते. दुसऱ्याचा चेंडू मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड. कारखान्याचा छाप मालकी ठरवत नाही, हे या खेळात शिकवावे लागत नाही.

यावर आक्षेप असा की विमानाने तर अमेरिकेची पद्धत उचलली, मग डोळ्यांवर भिस्त का? कागदावर हे खरे आहे. हवाई वाहतुकीच्या १९२९ च्या वॉर्सा कराराने सामानाची पावती दोन प्रतींत करायला लावली, एक प्रवाशाला आणि एक कंपनीला. पण फिरता पट्टा आला, ज्याने त्याने आपली बॅग उचलायची रीत पडली आणि दारातली पावतीची तपासणी बहुतेक ठिकाणी बंद झाली. पावती अमेरिकन राहिली, शेवटची दहा पावले इंग्रजी फलाटावरचीच. बारकोडच्या दहा आकड्यांनीही यात बदल झालेला नाही. जून २०१८ पासून लागू झालेल्या आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार बॅग स्वीकारताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि परत देताना नोंद ठेवावी लागते. पण ‘परत देणे’ म्हणजे व्यवहारात बॅग पट्ट्यावर सोडणे. ती तिथून कुणी उचलली, हे यंत्र बघत नाही.

लेबलच फाटून गेले, तर यंत्रणा स्वतःच जुन्या रस्त्याला लागते. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर कर्मचारी एक तक्ता पुढे करतो. त्यावर बॅगांच्या आकृत्या आणि रंगांचे दोन अक्षरी संकेत असतात, काळ्याचा ‘बीके’. प्रवाशाने आकृतीवर बोट ठेवायचे आणि रंग सांगायचा. ‘काळी, लांब, चाकांची’ एवढेच सांगता आले तर ते वर्णन प्रत्येक गोल्फ बॅगेला लागू पडते. ‘तळाशी पिवळे चौकोनी ठिगळ’ असे सांगितले तर गोदामातल्या माणसाला शोधायला काहीतरी मिळते.

खुणेने चोराला आमंत्रण मिळते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्रंकेवर नाव-गाव रंगवले जाई तेव्हा घर सहसा बंद नसे. आज बाहेर पूर्ण पत्ता लिहिणे म्हणजे घरी कुणी नाही अशी पाटी लावणे, आणि महागड्या काठ्यांच्या कंपनीचे मोठे बोधचिन्हही टाळलेले बरे. पण हा आक्षेप पत्त्यावर आहे, खुणेवर नाही. नाव आणि फोन आतल्या कप्प्यात ठेवावेत, बाहेर फक्त रंग. लोंबती फीत यंत्राच्या पट्ट्यात अडकते, ही तक्रारही रास्त आहे, म्हणून बांधण्यापेक्षा शिवणे किंवा रंगवणे चांगले. जुनी लेबले मात्र काढून टाकावीत. एके काळी हॉटेलांची रंगीत लेबले पेटीवर मिरवणे प्रतिष्ठेचे होते, पण आता मागच्या प्रवासाचा बारकोड यंत्राला चकवतो. शिवाय इतकी लांब बॅग बऱ्याच विमानतळांवर नेहमीच्या पट्ट्यावर येतच नाही. ती मोठ्या सामानाच्या दाराशी, इतर बॅगांबरोबर आडवी टाकलेली असते, आणि कोणती बाजू वर येईल याचा नेम नसतो. त्यामुळे ठिगळ दोन्ही अंगांना हवे, आणि एक चाकांच्या टोकाला.