सोमेईच्या कुंड्यांपासून ऑरेगनच्या बागांपर्यंत: जपानी मेपलचा इतिहास

जपानी मेपल हा जपान, कोरिया आणि चीनमधल्या डोंगरउतारांवर, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारा लहानखुरा पानगळी वृक्ष. शास्त्रीय नाव एसर पाल्माटम, जपानमधले नाव मोमिजी. पंज्यासारखे चिरलेले पान, वसंतातली कोवळी तांबूस पालवी आणि शरदात पेटल्यासारखा होणारा लाल-केशरी रंग, एवढ्यावर तो ओळखू येतो. त्याच्या लागवडीचा सारा इतिहास मात्र एका गुणावर उभा आहे. बियांपासून उगवलेले रोप आईसारखे निघेलच असा भरवसा नाही. एकाच झाडाच्या बिया पेरल्या तरी कुणाचे पान रुंद, कुणाचे सुतासारखे बारीक, कुणाची पालवी हिरवी तर कुणाची जांभळी. आवडलेले झाड जसेच्या तसे हवे असेल तर त्याचे कलमच करावे लागते. म्हणजे नाव मिळालेली प्रत्येक जात हे मुळात एकच झाड असते आणि ते माळ्यांनी पिढ्यानपिढ्या हातोहात पुढे दिलेले असते.

मेपलची आवड लागवडीच्या कितीतरी आधीची आहे. हेआन काळात क्योतोच्या दरबारातली मंडळी शरदात रंगलेली पाने पाहायला डोंगरात जात. या प्रघाताला मोमिजीगारी म्हणतात. त्याच काळातल्या ‘गेंजीची कथा’ या दरबारी कादंबरीतल्या एका प्रकरणाला मेपलच्या उत्सवाचे नाव आहे. क्योतोजवळचा ओगुरा डोंगर आणि नाराजवळची तात्सुता नदी ही ठिकाणे मेपलमुळेच कवितेत गाजली. पुढे याच विषयावर नो आणि काबुकी नाटके झाली, आणि १८९९ मध्ये चित्रित झालेला काबुकीतला ‘मोमिजीगारी’ हा जपानचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना चित्रपट मानला जातो.

डोंगरातले झाड बाजारात आले ते एदोमुळे, म्हणजे आजच्या तोक्योमुळे. तोकुगावा राजवटीत प्रत्येक सरदाराला ठरावीक काळ एदोत राहावे लागे. त्यासाठी वाडे उभे राहिले आणि वाड्यांभोवती बागा आल्या. सरदारांच्या स्वतःच्या मुलखातही हीच हौस होती. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर उभारले, ते ओकायामाचे कोराकुएन १७०० साली पूर्ण झाले. त्यात मेपलची स्वतंत्र राई आहे.

या बागांना रोपे पुरवणारे सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे एदोच्या उत्तरेचे सोमेई. तिथल्या इतो घराण्याची हकिकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हे घराणे शेजारच्या तोदो सरदाराच्या वाड्यात दवा-हिमापासून रोपे झाकण्याचे काम करी. वाड्यातून टाकून दिलेली झाडे घरी आणून जगवता जगवता त्यांची रोपवाटिका वाढली, असे सांगतात. घराण्यातल्या कर्त्या पुरुषाला इहेई हेच नाव मिळे. १६९५ मध्ये एका इहेईने बागेतल्या झाडांवर ‘कादान चिकिनशो’ हा ग्रंथ छापला. त्याच्या वारसाने १७१० मध्ये त्याला जोडलेल्या पुरवणी ग्रंथात मेपलच्या ३६ जाती नोंदवल्या. ज्याचे हात दिवसभर मातीत असत अशा माणसाने आपले ज्ञान घरात दडवून न ठेवता छापून सर्वांना दिले, हे त्या काळाच्या मानाने फार मोठे आहे. त्यानंतर गिऱ्हाईक नावानिशी झाड मागू लागले, आणि माळीही नवे, वेगळे रोप शोधू लागले.

ते रोप वाढवण्याची जुनी रीत भेटकलमाची होती. कोकणातल्या आंबेवाल्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. साध्या मेपलचे बियांपासून केलेले रोप कुंडीत वाढवून निवडलेल्या झाडाशेजारी आणून ठेवायचे. त्याच्या खोडाची आणि झाडाच्या फांदीची साल एका बाजूने तासून दोन्ही जखमा एकमेकींना भिडवायच्या आणि घट्ट बांधून टाकायच्या. हंगामभरात त्या जुळल्या की वर खुंटाचा शेंडा उडवायचा आणि खाली फांदी मूळ झाडापासून तोडायची. कुंडी नसती तर हे साधले नसते, कारण खुंट झाडाजवळ न्यावा लागतो, झाड खुंटाजवळ आणता येत नाही.

कुंडीने गिऱ्हाईकही बदलले. अठराव्या शतकात भोक पाडलेल्या स्वस्त मातीच्या कुंड्या एदोत सर्रास मिळू लागल्या. देवळांच्या जत्रांत आणि गल्लीबोळांत फिरते विक्रेते कावडीवर झाडे घेऊन येत. ज्याच्या घराला अंगण नव्हते त्या कारागिराच्या दारातही मेपल आला. मेपलची मुळे उथळ आणि तंतुमय असल्याने तो कुंडी सहज मानवून घेतो. मात्र पाणी साचले की मुळे कुजतात, आणि दुपारच्या उन्हात व कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपतात. म्हणून जपानी माळ्यांनी निचऱ्याची, ज्वालामुखीच्या राखेतून बनलेली दाणेदार माती पसंत केली. कळ्या फुटण्याआधी, हिवाळा सरता सरता, ते कुंडी बदलत. जमिनीत लावताना कुजलेला पालापाचोळा घातलेली, किंचित आम्ल माती आणि विरळ सावली शोधत. आजच्या लागवडीची पुस्तके याहून फारसे वेगळे सांगत नाहीत.

युरोपला या झाडाची ओळख झाली ती जपानमधल्या देजिमा बेटावरच्या डच वखारीतून. स्वीडनचा कार्ल पीटर थुनबर्ग १७७५ मध्ये तिथे वैद्य म्हणून आला. बेटाबाहेर पडायला बंदी असल्याने गुरांसाठी येणाऱ्या चाऱ्यातूनही तो वनस्पती वेचून काढी. एसर पाल्माटम हे नाव त्याने दिले, आणि १७८४ च्या आपल्या ‘फ्लोरा जापोनिका’त या झाडाचे वर्णन केले. जिवंत रोपांचा ओघ मात्र जपानची बंदरे परदेशी व्यापाराला उघडल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू झाला. चीनमधून भारतात चहाची रोपे आणणारा रॉबर्ट फॉर्च्यून १८६० मध्ये सोमेईत पोचला आणि गावभर पसरलेल्या रोपवाटिका पाहून थक्क झाला. शतकाअखेरीस योकोहामा नर्सरी कंपनी रंगीत चित्रांच्या सूचीपत्रातून मेपल परदेशी पाठवू लागली.

विसाव्या शतकाने या वारशाचे मोठे नुकसान केले. सोमेईच्या रोपवाटिका वाढत्या शहराने गिळल्या. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्साय माळी उत्तरेला ओमियात गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी तिथे बोन्सायचे गाव वसवले. तिथे राहणाऱ्याकडे किमान दहा बोन्साय असावीत, घर एकमजलीच असावे आणि दार पाहुण्यांसाठी उघडे ठेवावे, असे त्यांचे नियम होते. मग महायुद्ध आले. धान्याची गरज असताना शोभेच्या झाडांना जागा कोण देणार? कित्येक बागा मोडल्या, झाडे सरपणात गेली. ज्या जातीचे शेवटचे झाड असे गेले, ती जातच संपली, कारण बी पेरून ती परत आणता येत नव्हती.

उरलेल्या जाती गोळा करून त्यांची नावे तपासण्याचे मोठे काम अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात झाले. रोझबर्गचा जे. डी. व्हर्ट्रीस मुळात कीटकशास्त्राचा जाणकार. एकच झाड परदेशात चार नावांनी विकले जाई आणि जुनी जपानी नावे लिप्यंतरात बिघडत. त्याने झाडे शेजारीशेजारी लावून पाहिली, जपानी माळ्यांशी पत्रव्यवहार केला आणि १९७८ मध्ये ‘जॅपनीज मेपल्स’ हे पुस्तक काढले. त्याच्या पुढच्या आवृत्त्या पीटर ग्रेगरीने वाढवल्या. आज नाव दिलेल्या जाती हजाराच्या वर आहेत आणि नेदरलँड्समधले बोस्कोप व ऑरेगन ही त्यांच्या व्यापाराची मोठी केंद्रे आहेत. कलमही आता बहुधा हिवाळ्यात काचघरात, फांदीचा छोटा तुकडा खुंटावर बसवून करतात.

हिवाळ्याची थंडी या झाडाला लागतेच. ती न मिळाल्यास कळ्या नीट फुटत नाहीत आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारावर ते तग धरत नाही. हिमालयात मात्र मेपलच्या इतर प्रजाती रानात वाढतात.