लिहिणारा मास्तर

लासूर गाव वेगळं आणि लासूर स्टेशन वेगळं. गाव शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं. स्टेशन वसलं ते निजामाच्या रेल्वेमुळं. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादकडे मीटरगेजची लाईन पडली. तिच्या आधारानं आडती उभ्या राहिल्या, कापसा-कांद्याचा बाजार वाढला आणि बाजारामागोमाग टुरिंग टॉकीजचे तंबू, हॉटेलातला फोनो आणि लग्नाचे बँडही आले. आमचे आजोबा अशाच एका बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. सिनेमाची गाणी ऐकून उचलायची आणि सुगी सरली की लग्नसराईत वाजवायची, हा त्यांचा धंदा.

आजोबा आणि त्यांचे जोडीदार संध्याकाळी ओट्यावर बसले की जुन्या गोष्टी निघत. त्यांच्यातले एक वयस्कर मास्तर मनमाडला गाडी बदलून मुंबईला गेले होते, तिथल्या एका स्टुडिओच्या दारापर्यंत पोचले होते. त्यांचं सांगणं आजोबा हुबेहूब ऐकवायचे : "अरे, तिथं पन्नास-पन्नास माणसं एका दमात वाजवतात. अन् पाठ कुणालाच नसतं. समोर कागद असतो, कागदावर खुणा. ह्या खुणा लिहिणारे मास्तर सगळे गोव्याचे."

ओट्यावरची ही गोष्ट खरी होती, हे मला फार उशिरा वाचनातून कळलं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. पोटासाठी ही मुलं मुंबईला आली, आणि हिंदी सिनेमाला नेमकी तीच माणसं हवी होती. संगीतकार पेटीवर चाल बांधे. त्या चालीत व्हायोलिनं कुठं उठतील, चेलो कुठं खाली उतरेल, बासरी कुठं एकटी राहील, हे प्रत्येक वादकासाठी वेगळं लिहून काढायचं काम अरेंजरचं. रेकॉर्डिंगला ताफ्यासमोर उभं राहून हातानं इशारे द्यायचे, तेही बहुधा त्यानंच. गायक आणि वाद्यवृंद तेव्हा एकत्रच रेकॉर्ड होत. एक जण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्या पिढीतली नावं. आणि त्यांच्यातच अँथनी गोन्साल्विस.

जन्म 1927चा, सासष्टीतल्या माजोर्डा गावचा. वडील तिथल्या चर्चमध्ये गायनवृंदाचे मास्तर. 1943 साली हा मुलगा मुंबईत आला, नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागला आणि काही वर्षांत इतरांची गाणी लिहून देणारा अरेंजर झाला. 'प्यासा'मधलं 'हम आपकी आँखों में' हे गाणं पुन्हा लावा आणि या वेळी शब्द सोडून मागची वाद्यं ऐका. त्या गाण्याचं वाद्यलेखन गोन्साल्विस यांचं.

त्यांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं, आणि मला हा माणूस मोठा वाटतो तो इथं. हिंदुस्तानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एका मांडवाखाली आणायचे, ही त्यांची तळमळ. सारंग रागातला कॉन्चेर्टो त्यांनी लिहिला, 'सोनातिना इंडियाना' लिहिली. 1958 साली स्वतःच्या हिमतीवर शंभरावर वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात तो ऐकवला. यमन-तोडी घोटणाऱ्यांना वाद्यांचा एवढा ताफा परका वाटे, आणि बाख-बेथोवेनवाल्यांना राग परका. दोन्ही घरची ओढ असलेला असा माणूस त्या काळात एकटाच पडणार होता. चित्रपटसृष्टीला त्यांचं हे काम पेलवलं नाही, असं मला वाटतं. 1965मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परतले ते स्टुडिओकडे वळलेच नाहीत. माजोर्ड्याच्या घरी शांतपणे राहिले.

वांद्र्याच्या घरी त्यांनी ज्यांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं, त्यांत प्यारेलाल हा ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मांचा मुलगा होता. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत व्हायोलिनांची जी दाट फळी उभी राहते, ती आली या शिकवणीतून. 'अमर अकबर अँथनी'च्या वेळी अमिताभच्या पात्राचं नाव आधी अँथनी फर्नांडिस ठरत होतं. प्यारेलाल यांनी गुरूचं नाव सुचवलं. 1977 साली ते नाव देशभर झालं.

आमच्या स्टेशनवरही झालं. त्या सिनेमातलं हे नाव असलेलं गाणं वाजवत आजोबांच्या बँडनं किती वराती पुढं नेल्या! नवरदेवाचे मित्र नाव ओरडत नाचायचे. त्या नावाचा माणूस खरा आहे, तो व्हायोलिन वाजवतो, आणि ओट्यावरच्या गोष्टीतला कागदावर खुणा लिहिणारा मास्तर तोच, हे वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, नाचणाऱ्यांनाही नव्हतं. गुरूला याहून मोठी दक्षिणा हिंदी सिनेमात दुसऱ्या कुणा शिष्यानं दिलेली मला ठाऊक नाही. तरी ती गुरूच्या कामापर्यंत पोचवत नाही, नावापाशीच थांबते, याची चुटपुट राहते.

आजोबा स्वरलिपी कधीच शिकले नाहीत. ऐकलेली चाल सारेगमच्या अक्षरांत एका वहीत उतरवून ठेवायचे. कोणत्या तुकड्यावर कुणी थांबायचं, पितळी वाद्यं कुठं शिरायची, याच्या खुणा त्यांनी स्वतःच ठरवलेल्या. मुंबईच्या मास्तरांचं काम स्टेशनवरच्या या वहीत आपल्या परीनं चालू होतं.

अँथनी गोन्साल्विस 18 जानेवारी 2012 रोजी वारले. त्यांच्या आयुष्यावर अशोक राणे आणि श्रीकांत जोशी यांनी माहितीपट केला आहे, तो मिळवून जरूर पाहावा. मराठवाड्यातल्या ज्या घरांत जुन्या बँडमास्तरांच्या अशा वह्या अजून शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांचं पूर्ण नाव लिहून ठेवावं, आणि कोणतं गाणं कुणाकडून शिकले, हे म्हाताऱ्यांना आजच विचारून घ्यावं.