सर्व गाण्यांचे एक शास्त्र

संगीताचा अभ्यास म्हटला की आपल्यापुढे तंबोरा, राग आणि घराणी उभी राहतात. श्रावणात कानबाईच्या रात्री आमच्या पाचोऱ्याकडे बाया अहिराणी गाणी म्हणतात, त्यांना आपण फार तर हौशी म्हणतो. त्या गाण्याचेही शास्त्र असू शकते, हे आपल्या मनात येत नाही. मराठीत हा विचार ज्यांनी अधिकाराने मांडला, त्या डॉ. अशोक रानडे यांच्या कार्याची, वाचकहो, थोडी ओळख करून घेऊ या.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोपातील पुष्कळ पंडितांची समजूत अशी होती की, आपले स्वरसप्तक निसर्गसिद्ध आणि इतरांचे कच्चे. १८८५ साली अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने निरनिराळ्या देशांतील वाद्यांचे स्वर मोजून दाखविले आणि सांगितले की, सप्तक एक नाही व ते निसर्गाने दिलेलेही नाही. पुढे या अभ्यासाचा विस्तार झाला. १९५० मध्ये डच विद्वान याप कुन्स्ट यांनी त्याला ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे नाव दिले. संगीत ज्या समाजात नांदते, त्या समाजासकट त्याचा अभ्यास करणारे हे शास्त्र आहे.

एलिस यांना स्वरांचा कान जवळजवळ नव्हता. त्यांना दुसऱ्याच्या कानाची मदत घ्यावी लागे. रानड्यांचे उलट होते. ते आधी गवई. १९३७ साली पुण्यात जन्मलेल्या रानड्यांनी गजाननराव जोशी, बी. आर. देवधर अशा गुरूंपाशी तालीम घेतली. १९६८ ते १९८३ मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते संचालक होते. एकीकडे स्ट्राव्हिन्स्की या रशियन संगीतकाराच्या सौंदर्यविचारावर मराठीत पुस्तक, तर दुसरीकडे १९७५ चे ‘लोकसंगीतशास्त्र’! इतका मोठा पल्ला एका माणसाचा, ही गोष्ट सामान्य नव्हे. २०११ साली ते निवर्तले.

त्यांचा मुख्य विचार काय? संगीताच्या कोटी सहा : आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम. ऐकायला पुस्तकी वाटते ना? मग आपल्याच मुलखात लावून पाहा. धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात भोपळ्याची पावरी घुमते, ते आदिम. जात्यावरची ओवी, तांड्यावर होळीला म्हटली जाणारी लेंगी, हे लोक. देवळातले भजन धर्मसंगीत, ख्यालाची बैठक कलासंगीत, सिनेमाचे गाणे जनसंगीत. आणि वेगवेगळ्या परंपरांचे प्रवाह एकमेकांत मिसळून जे नवे घडते, ते संगम. ही काही शिडीची पायरी-पायरी नव्हे. प्रत्येक कोटीचे प्रयोजन निराळे, म्हणून तिची परीक्षाही निराळी. ओवीत तान नाही म्हणून ती उणी ठरत नाही, तसेच ख्यालाने दळण होत नाही म्हणून तोही उणा नाही.

जात्याचेच घ्या. दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा धरतात. दगड जड, हात फिरतो त्या गतीने ओळ चालते. दम लागला की ओळ थांबते, दुसरी ती उचलते. म्हणजे लय जात्याची, श्वास बाईचा. आता हीच ओवी खुर्चीवर बसवून म्हणवून घ्या. शब्द येतील, चाल येईल, पण ती लय का अशी, हे कळणार नाही. रानडे ज्याला संगीताचा संदर्भ म्हणत, तो हाच.

आणि येथेच खरी काळजी आहे. गावात पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले. चांगलेच झाले, गाण्यासाठी कोणी पुन्हा जाते ओढावे असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. परंतु काम गेले की कामाचे गाणेही जाते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तो ठेवा हाती राहिला. आपल्या अहिराणी गाण्यांचे किती टिपून झाले, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते विचारावे.

हे काम विद्यापीठावर सोडून भागणार नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीचे गाणे त्यात जरूर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. हे गाणे कोणी म्हटले, कोणापासून शिकली, कोणत्या दिवशी, कोणते काम करताना, सोबत कोण होते, हे तिला विचारा आणि वहीत लिहा. चाल यंत्र पकडील. तिच्यामागचा संसार मात्र आजीच सांगू शकेल, आणि तोही ती आहे तोवरच.