६ मे २०१२ : सार्डिनियाने मोडलेले प्रांत
इटलीच्या सार्डिनिया बेटावर आजच्या दिवशी २०१२ मध्ये सार्वमत झाले. २००१ च्या कायद्याने जन्मलेले आणि २००५ पासून कारभार पाहणारे चार नवे प्रांत रद्द करा, असा प्रचंड कौल त्यात पडला. त्यांतल्या ओल्यास्त्राची लोकसंख्या साठ हजारांहूनही कमी, तरी मुख्यालये दोन : लानुसेई आणि तोर्तोली. ही उधळपट्टी आहे, हा आक्षेप वजनदारच होता. पण डोंगरांनी वेढलेल्या भागाला सरकारी कचेरी जवळ हवी, ही गरज केवळ डोकी मोजून ठरत नाही. जनतेनेच प्रांत नाकारले म्हणावे, तर मतदानाला आले होते जेमतेम ३५ टक्के लोक. २०१६ मध्ये प्रांत मोडले. २०२१ च्या कायद्याने ओल्यास्त्रा पुन्हा प्रांत ठरला.