बीसीएल-२ प्रतिपिंड

मानवी पेशीतील बीसीएल-२ या प्रथिनाला नेमके चिकटणारे, संशोधनात व कर्करोगनिदानात वापरले जाणारे प्रतिपिंड. बीसीएल-२ पेशीला मरणापासून वाचवते. ऊतीतील कोणत्या पेशींत ते आहे आणि कोणत्या पेशींत नाही, हे या प्रतिपिंडामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

प्रथिन : फॉलिक्युलर लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगात बहुधा १४ व १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलतात. त्या जागेचा अभ्यास करताना १९८४ च्या सुमारास त्सुजिमोतो व क्रोचे यांना या प्रथिनाचे जनुक सापडले. हे प्रथिन पेशींचे विभाजन वाढवत नाही, तर त्यांचा मृत्यू रोखते, हे व्हॉक्स, कोरी व ॲडम्स यांनी मेलबर्न येथे १९८८ मध्ये दाखवले. ते मुख्यतः तंतुकणिकेच्या बाह्य पटलावर असते.

निर्मिती : ‘क्लोन १२४’ हे सर्वपरिचित मोनोक्लोनल प्रतिपिंड ऑक्सफर्ड येथे तयार झाले, त्याची माहिती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रथिनातील ४१ ते ५४ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा कृत्रिम तुकडा उंदराला टोचून ते मिळवले गेले.

उपयोग : प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीत सुमारे २६ किलोडाल्टनपाशी पट्टा उमटतो. पॅराफिनमधील ऊतीच्या कापांवर पेशीद्रव्य तपकिरी रंगते. निरोगी लसीका ग्रंथीतील जननकेंद्राच्या बी-पेशींत बीसीएल-२ नसते. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुधा असते. त्यामुळे साधी सूज आणि हा कर्करोग वेगळे करण्यास मोठी मदत होते.

मर्यादा : टी-पेशी व जननकेंद्राभोवतीच्या बी-पेशी निरोगी अवस्थेतही रंगतात, म्हणून त्याच कापातील टी-पेशी रंगल्या नसतील, तर तपासणी ग्राह्य धरू नये. इतर अनेक लिम्फोमांतही हे प्रथिन आढळते, तेव्हा केवळ या रंगावरून प्रकार ठरत नाही. जनुकीय बदलामुळे क्लोन १२४ चे बंधनस्थान बिघडल्यास प्रथिन असूनही रंग येत नाही; अशा वेळी वेगळ्या स्थानाला चिकटणारा क्लोन वापरतात.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील नरेश व सहकाऱ्यांनी २००० मध्ये २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात फॉलिक्युलर लिम्फोमा सुमारे १२.६ टक्के, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, आढळला. अशा वर्गीकरणात पेशीरचनेबरोबर प्रतिपिंडांच्या रंगक्रियेचाही आधार घेतात. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून गाठीचा तुकडा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवताना तो लगेच पुरेशा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे अत्यावश्यक आहे. ऊती आधीच कुजली, तर उत्तम प्रतिपिंडही खरे उत्तर देऊ शकत नाही.

उपचार : याच प्रथिनाला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली.