राबत्या हातांची शस्त्रक्रिया

हातावरची शस्त्रक्रिया हा केवळ तज्ज्ञांचा विषय, असा समज सहज होतो. वाचकांनी तो बाजूला ठेवून या पुस्तकात यावे. ज्याचे हातावर पोट आहे, त्याच्या बोटाची एक कंडरा कोयत्याने तुटली आणि वेळेत जोडली गेली नाही, तर घरची मिळकतच थांबते. जीव मात्र जात नाही. म्हणूनच गरीब देशांच्या आरोग्ययोजनांत हात मागे पडत आला. जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया गरजेच्या वेळी मिळत नाही, असा हिशेब २०१५ साली लॅन्सेट आयोगाने मांडला.

या विद्येचा एक मोठा अध्याय आपल्या देशात घडला, याचा अभिमान वाटतो. १९४६ मध्ये डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने नस निकामी होऊन रुग्णांची बोटे आत वळत. पण कोपराखालचे पुष्कळ स्नायू शाबूत असत. आता तुम्ही बोटे सरळ ठेवून ती फक्त मुळाशी वाकवून पाहा. पेला धरताना बोटे त्याच्याभोवती नीट बसतात ती याच हालचालीमुळे, आणि तीच या रुग्णांनी गमावलेली असे. ब्रँड यांच्या एका पद्धतीत मनगट उचलणाऱ्या स्नायूला पायातून काढलेल्या बारीक कंडरेचे पदर जोडून ते चार बोटांपर्यंत नेले जात. प्लॅस्टर निघाले की खरी शिकवणी सुरू होई: रुग्णाने मनगट उचलू पाहायचे, आणि हलायची ती बोटे! हे आठवडेच्या आठवडे करवून घेणारा फिजिओथेरपिस्ट नसेल, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

बाहेरचे पथक चार दिवस येऊन गेल्याने भागत नाही ते यामुळेच. कौशल्य तिथल्या माणसांच्या हाती राहायला हवे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांवर पुनर्रचना-शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. नोशिर अंतिया यांनी पुढे मांडव्याच्या परिसरात गावातल्या स्त्रियांनाच आरोग्याचे काम शिकवले. विषय वेगळा, पण विश्वास हाच.

नव्या वाचकांनी भुलीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलीन यांच्या इंजेक्शनाने फक्त हात बधिर होतो, रक्तस्राव आटोक्यात राहतो, आणि जागा असलेला रुग्ण टेबलावरच बोट हलवून दाखवतो. कंडरेची जोडणी ताण सोसते का, हे जखम शिवण्यापूर्वीच कळते. पूर्ण भुलीची सोय नसलेल्या तालुक्याच्या रुग्णालयासाठी ही किती मोठी गोष्ट आहे, ते तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.