मुंबईतील उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व

उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व म्हणजे नफ्याबरोबरच कामगार, परिसरातील रहिवासी आणि पर्यावरण यांच्या हिताची जबाबदारी उद्योगसंस्थेने स्वीकारणे होय. कंपनी कायद्यात ही संकल्पना २०१३ मध्ये आली. मात्र अशा कामाची, आणि त्यातून धंद्याला होणाऱ्या लाभाची, महाराष्ट्रातील उदाहरणे त्याहून बरीच जुनी आहेत.

पूर्वपीठिका

जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांची गैरहजेरी ही तेव्हाच्या गिरण्यांची मोठी अडचण होती. या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई मिळू लागली. देशात भरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये. अनुभवी कामगार टिकून राहणे हा अशा योजनांचा मालकाला होणारा थेट लाभ होय.

खोपोलीची वीज

परळ, लालबाग भागातील गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि चिमण्यांचा धूर वस्तीवर पसरे. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर चालणारे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले व गिरण्यांना वीज मिळू लागली. बॉयलर आणि कोळशाचे साठे यांवरील खर्च वाचला, धूरही घटला. पर्यावरणाचे हित आणि नफा एकत्र साधल्याचे हे ठळक उदाहरण आहे, पण ते निर्दोष नाही. याच समूहाच्या पुढील मुळशी प्रकल्पात गावे बुडणार असल्याने मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. शहरासाठी स्वच्छ ठरलेल्या विजेची किंमत मावळाने जमिनी देऊन मोजली.

परळमधील रुग्णालये

गिरणीमालक वाडिया कुटुंबाने परळमध्ये १९२६ मध्ये प्रसूतिगृह व १९२९ मध्ये बालरुग्णालय उभारले. गिरणगावातील कामगार कुटुंबांना त्यांचा मोठा आधार मिळाला. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय कंपनीने नव्हे, तर सर दोराबजी टाटा न्यासाने उभारले; त्यामुळे ते काटेकोर अर्थाने या संकल्पनेत बसत नाही. तरीही समूहाच्या नावाला लाभलेल्या विश्वासात त्याचा वाटा मानला जातो.

मर्यादा

अशी कामे वेतनाच्या प्रश्नाला पर्याय ठरत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

कायदेशीर तरतूद

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. म्हणजेच एम्प्रेस मिलचा निवृत्तिवेतन निधी आजच्या व्याख्येत बसला नसता.